वाचकांचे प्रश्न : ‘द’ हा आपल्या ‘तो’चा भाऊबंद

या महिन्याच्या टपालातली चार पत्रं इंग्रजीतल्या अगदी बारक्या शब्दांबद्दल आहेत. पहिल्या पत्राला मी निम्मी जागा देते आहे. परळच्या रात्रशाळेत २७ वर्षं इंग्रजी शिकवताना हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक वर्गात कुणी ना कुणी विचारला, आणि सुरुवातीची काही वर्षं मी त्याचं धड उत्तर दिलं नाही.

प्रश्न : माझं काळाचौकीला पोळीभाजी केंद्र आहे. दुपारच्या डब्याची गिऱ्हाइकं ऑफिसांतली, त्यामुळे व्हॉट्सॲपवर इंग्रजीत मेसेज टाकावा लागतो. परवा मी ‘ए टिफिन इज रेडी’ असं एका साहेबांना पाठवलं, तर त्यांनी उलट विचारलं, ‘हूज टिफिन?’ मुलगा नववीत आहे. तो म्हणाला, आई, इथे ‘द’ पाहिजे. मग आठवडाभर मी दिसेल तिथे ‘द’ लावलं, तर आता म्हणतो जास्त झाले. मराठीत ‘डबा तयार आहे’ एवढ्यावर भागतं. मग इंग्रजांनी हे ‘ए’ आणि ‘द’ काढले कशाला? आणि आणले कुठून?
– एक वाचक, काळाचौकी

उत्तर : ताई, कुणी बसून काढलेले नाहीत हे शब्द. हजार-अकराशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत आजच्यासारखा ‘ए’ नव्हता आणि आजच्यासारखा ‘द’ही नव्हता. होते ते दोन साधे, रोजचे शब्द. एक ‘तो’ आणि दुसरा ‘एक’. वापरून वापरून ते झिजले. उंबरठ्याचा दगड मधोमध झिजतो, तसे.

आधी ‘द’ घेऊ. जुन्या इंग्रजीत ‘तो, ती, ते’ यांना शब्द होते ‘से, सेओ, थॅट’. शाळेत संस्कृत असेल तर ‘सः, सा, तत्’ आठवून पाहा. नसेल तर मुलाला म्हणायला सांगा आणि शेजारी ‘से, सेओ, थॅट’ म्हणा. सः – से. सा – सेओ. तत् – थॅट. हा योगायोग नाही. हजारो वर्षांपूर्वीच्या एकाच भाषेच्या पोटी संस्कृतही आली आणि इंग्रजीची पूर्वजही, आणि हे त्रिकूट दोघींनी घरातून बरोबर नेलं. मी पहिल्यांदा हे फळ्यावर लिहिलं तेव्हा वर्गातला बेस्टचा एक कंडक्टर उठून म्हणाला होता, “म्हणजे बाई, हे आपलंच आहे की.” आपलंच, असं मी म्हणणार नाही. पण भाऊबंदांचं नक्की आहे.

पुढचा भाग मला सगळ्यात आवडतो. संस्कृतात ‘सः’ आणि ‘सा’ ही दोन रूपं सोडली तर बाकी सगळा पसारा ‘त’चा : तम्, तेन, तस्य, तस्मिन्. मराठीपर्यंत येताना हे दोन ‘स’वाले एकटे पडले आणि बाकीच्यांच्या ओळीत जाऊन बसले. तेव्हापासून आपण ‘तो, ती, ते’ म्हणतो. इंग्रजीतही नेमकं तेच घडलं. ‘से’ आणि ‘सेओ’ सोडून सगळी रूपं ‘थ’ची होती : थोने, थॅस, थॅम. तिथेही ‘स’ हरला, ‘थ’ जिंकला आणि ‘से’चं ‘थे’ झालं. एक भाषा थेम्सच्या काठी, एक गोदावरीच्या. एकीला दुसरीची खबर नाही, आणि वळण मात्र एकच.

फरक पडला तो नंतर. मराठीने लिंगं सांभाळली, विभक्ती सांभाळली. इंग्रजीचे प्रत्यय मात्र गळत गेले. पीटरबरोच्या मठातले भिक्षू वर्षावर्षाच्या घडामोडी लिहून ठेवत. त्या बखरीची शेवटची नोंद ११५४ सालची आहे. तिच्या शेवटच्या पानांत हे गळणं डोळ्यांनी दिसतं. पुरुष असो, बाई असो, टेबल असो, कर्ता असो की कर्म, सगळ्यांना मिळून एकच ‘थे’ उरलं. तेच आजचं ‘द’. आपला ‘तो’ अजून बोट दाखवतो. ‘द’चं बोट खाली गेलं, नुसती मान हलते : तुम्हाला-मला माहीत असलेलं ते. बोट दाखवायचं काम मग जुन्या नपुंसकलिंगी ‘थॅट’कडे गेलं, आणि ते ‘दॅट’ म्हणून वेगळं नांदू लागलं. शिवाजी पार्कवर पोरं ‘आउझॅट!’ म्हणून ओरडतात, त्याच्या शेपटाला तोच जुना ‘ते’ आहे.

आता ‘ए’. जुन्या इंग्रजीत १ या आकड्याला ‘आन’ म्हणत. ठासून म्हटला तर त्याचा पुढे ‘वन’ झाला. घाईत, जोर न देता म्हटला तर ‘ॲन’ आणि मग ‘ए’. आपणही ‘एक होता राजा’ म्हणतो तेव्हा राजे मोजत नसतो. ऐकणाऱ्याला एवढंच सांगतो की हा राजा तुझ्या ओळखीचा नाही, आता ओळख करून देते. ‘ए’चं काम हेच.

आता तुमचा मेसेज पाहा. ‘ए टिफिन इज रेडी’ म्हणजे ‘एक डबा तयार आहे’. साहेबांनी ‘कुणाचा?’ विचारलं ते बरोबरच केलं. ‘द टिफिन’ म्हणजे तो, तुमच्या-माझ्या ठरलेला.

आणि मराठीत हा भेद नाही, असं मुळीच समजू नका. तुम्ही शेजारणीला सांगता, “पोळ्या लाटायला बाई शोधतेय.” म्हणजे कोणीही चालेल, हात चालला पाहिजे. आणि ज्या दिवशी कामावरची बाई न सांगता दांडी मारते त्या दिवशी म्हणता, “सकाळपासून बाईला शोधतेय.” आता ती ठरलेली, तुमच्याकडचीच. ‘बाई’ आणि ‘बाईला’. नुसत्या एका ‘ला’ने आपण इंग्रजीच्या ‘ए’ आणि ‘द’चं काम करून मोकळे होतो. तुम्ही हे दिवसातून पन्नास वेळा बिनचूक करता, ताई. तेव्हा ‘मला कळत नाही’ हे मनातून काढून टाका.

माझ्या हातून झालेली एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. नोकरीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी भाऊच्या धक्क्यावर माशांच्या पाट्या वाहणारा एक विद्यार्थी माझ्या वर्गात होता. पहाटे तीनला कामावर, संध्याकाळी साडेसहाला शाळेत. निबंधात त्याने लिहिलं, ‘ही वॉज व्हेरी रिच मॅन.’ मी लाल शाईने ‘ए’ घुसडला, गुण कापले आणि वहीवर शेरा मारला : विचार न करता लिहितोस. वर्षभराने मी कलिन्याला एम.ए. करत होते. जुन्या इंग्रजीच्या तासाला ओथरे नावाच्या दर्यावर्दीची हकीकत आली. नववं शतक संपत आलेलं, हा नॉर्वेहून इंग्लंडच्या राजा आल्फ्रेडकडे आलेला, उत्तरेच्या समुद्राची, देवमाशांची, रेनडियरच्या कळपांची माहिती सांगतो आहे. त्यात त्याच्याबद्दल वाक्य येतं : ‘हे वॅस स्वीथे स्पेडिग मान.’ तो फार श्रीमंत माणूस होता. शब्दाला शब्द ठेवला तर ‘ही वॉज व्हेरी रिच मॅन’. मध्ये ‘ए’ नाही! आल्फ्रेडच्या पदरच्या विद्वानांनी लिहिलेलं, आणि माझ्या विद्यार्थ्याच्या वहीतलं, वाक्य एकच. मला त्या बाकावर बसून रडू आलं. तो मुलगा तोवर शाळा सोडून गेला होता. तो विचार करूनच लिहित होता. मराठीत विचार करत होता, आणि मराठीत त्या जागी ‘एक’ येत नाही.

मुलगा ‘जास्त झाले’ का म्हणतो, त्याचं उत्तरही इथेच आहे. ‘तो’ आणि ‘एक’ लावून पाहायची युक्ती बहुतेक वेळा चालते, पण ‘द’ आणि ‘ए’ आपल्या शब्दांपेक्षा पुढे पसरले आहेत. धंदा किंवा स्वभाव सांगताना इंग्रजीला ‘ए’ लागतोच : ‘शी इज ए डॉक्टर’. मराठीत ‘ती डॉक्टर आहे’. हल्ली जाहिरातींत आणि भाषांतरांत ‘ती एक डॉक्टर आहे’ असं सर्रास दिसतं, ते वाचलं की माझ्या अंगावर काटा येतो. दोन डॉक्टर असती का ती? सूर्य-चंद्र एकेकच, म्हणून त्यांना ‘द’, पण आपण ‘तो सूर्य उगवला’ म्हणत नाही. उलट माणसांच्या आणि गावांच्या नावांना ‘द’ नको. ‘द काळाचौकी’ लिहू नका. बिनमोजणीच्या, सरसकट वस्तूंना नको : ‘वी मेक चपातीज’. पण आजच्या, या गिऱ्हाइकाच्या चपात्या झाल्या तर ‘द चपातीज आर रेडी’. तेवढं सांभाळलंत की झालं. आणि एखादा ‘द’ सुटला तर सुटू द्या. लोकलमध्ये रोज ‘नेक्स्ट स्टेशन, दादर’ ऐकू येतं. त्यात ‘द’ नाही, तरी दादरला उतरणारा दादरलाच उतरतो.

प्रश्न : मी सहावीत आहे. टीचर म्हणतात व्हॉवेलच्या आधी ‘ॲन’ लावायचं. मग ‘ॲन अंपायर’ बरोबर, पण ‘ए युनिव्हर्सिटी’ का? दोन्हींचं स्पेलिंग ‘यू’नेच सुरू होतं. आमच्या क्रिकेट कोचनाही माहीत नव्हतं.
– एक विद्यार्थी, दादर

उत्तर : शाबास! अरे, अक्षराकडे बघू नकोस, कानाने ऐक. ‘अंपायर’ म्हणताना तोंडातून आधी ‘अ’ निघतो. ‘युनिव्हर्सिटी’ म्हणताना ‘य’ निघतो, आणि ‘य’ हा स्वर नाही. म्हणून ‘ए’.

पण खरी गंमत पुढे आहे. शाळेत असं शिकवतात की मूळ शब्द ‘ए’, आणि स्वर आला की त्याला ‘न’ जोडायचा. झालं होतं उलटं. मूळ शब्द ‘ॲन’. व्यंजनापुढे त्याचा ‘न’ गळून पडला, स्वरापुढे टिकला. ‘माय’चंही तसंच, आधी ते ‘माइन’ होतं.

आता हा ‘न’ कधी कधी घर चुकायचा. तुझा अंपायर मुळात ‘नंपायर’ होता! सहा-सातशे वर्षांपूर्वीचा शब्द ‘नूमपेर’, जुन्या फ्रेंचमधून आलेला. ‘नॉन’ म्हणजे नाही आणि ‘पेर’ म्हणजे जोडीचा. दोन भांडणाऱ्यांच्या जोडीत न बसणारा, म्हणजे तिसरा माणूस. भरभर बोलताना ‘ए नूमपेर’ आणि ‘ॲन ऊमपेर’ कानाला सारखेच. हळूहळू ‘न’ शब्दातून निघून ‘ए’ला जाऊन चिकटला. आई स्वयंपाक करताना बांधते तो ‘एप्रन’ही आधी ‘नेप्रन’ होता, ‘नॅपकिन’च्या कुळातला. ‘ॲडर’ नावाचा विषारी साप आधी ‘नॅडर’ होता. आणि ‘निकनेम’मध्ये उलटी चोरी झाली. मूळ शब्द ‘एकनेम’, म्हणजे आणखीचं नाव, जोडनाव. ‘ॲन एकनेम’मधला ‘न’ शब्दाने पळवला. तुझ्या टीममध्ये कुणाला टोपणनाव असेल तर त्याला हे सांग.

एक सावधगिरी. ‘ऑरेंज’चीही अशीच गोष्ट सांगतात, कारण आपल्याकडे ते नारिंग, संस्कृतात नारङ्ग. ‘न’ गेला हे खरं, पण तो इंग्लंडला पोचण्याआधीच, इटली-फ्रान्सच्या वाटेवर गेला. त्याचा आळ इंग्रजीवर घेऊ नकोस.

प्रश्न : अंधेरीतल्या एका आयटी कंपनीत लागून आठ महिने झाले. माझ्या टीम लीडर बाई आईच्या वयाच्या आहेत. त्यांना नावाने हाक मारून ‘यू’ म्हणताना जीभ जड होते. इंग्रजीत आदरार्थी बोलायची सोयच नाही का? आम्ही सगळ्यांना ‘तू’च म्हणायचं?
– एक वाचक, जोगेश्वरी

उत्तर : तुमची जीभ जड होते, हे चांगल्या घराचं लक्षण आहे. पण निर्धास्त व्हा. ‘यू’ म्हणजे ‘तू’ नव्हे. ‘यू’ म्हणजे ‘तुम्ही’.

इंग्रजीत ‘तू’ होता. त्याचं नाव ‘दाऊ’. कर्माला ‘दी’. आपला ‘तू’, संस्कृत ‘त्वम्’ आणि हा ‘दाऊ’ एकाच मुळाचे. अनेकवचन ‘यी’, आणि त्याचं कर्माचं रूप ‘यू’. तेराव्या शतकापासून दरबारी फ्रेंचच्या वळणाने वडीलधाऱ्या एकट्या माणसालाही अनेकवचनात बोलायची रीत पडली. म्हणजे आपल्या ‘तुम्ही’सारखीच. नवरा-बायको, मालक-चाकर, कोण कुणाला ‘दाऊ’ म्हणतो आणि कोण ‘यू’, यावर नातं कळायचं. आपल्याकडे ‘अरेतुरे करणं’ आहे ना, तसं इंग्रजीत ‘टू दाऊ’ असं क्रियापदच होतं. नोव्हेंबर १६०३ मध्ये विंचेस्टरला सर वॉल्टर रॅले यांच्यावर राजद्रोहाचा खटला चालला. सरकारी वकील एडवर्ड कोक भर न्यायालयात त्यांच्या अंगावर ओरडले की तू विषारी साप आहेस, आणि मी तुला ‘दाऊ’च म्हणणार, गद्दारा! काल-परवापर्यंत राणीच्या मर्जीतल्या सरदाराला भरसभेत अरेतुरे. तिथे बसलेल्या प्रत्येकाला तो अपमान कळला असणार, कारण तो शब्दात होता.

पुढे ‘यू’ पसरत गेला. कुणाचा अपमान व्हायला नको म्हणून अनोळखी माणसाला तुम्ही, मग ओळखीच्यालाही तुम्ही, मग पोरांनाही. सतराव्या शतकात क्वेकर पंथाचे लोक उलट हट्टाने सगळ्यांना, अगदी न्यायाधीशालाही, ‘दाऊ’ म्हणायचे. देवापुढे सगळी माणसं सारखी, ही त्यांची श्रद्धा. त्यासाठी त्यांनी शिव्या आणि मारही खाल्ला. तरी रोजच्या प्रमाण इंग्रजीतून ‘दाऊ’ गेलाच. यॉर्कशायरकडच्या बोलीत ‘था’ म्हणून थोडा राहिला, आणि राहिला प्रार्थनेत. ‘दाय नेम’ म्हणजे ‘तुझं नाव’. आपणही विठोबाला ‘तू’च म्हणतो, तुम्ही म्हणून पाहा बरं, देव परका वाटायला लागतो.

तेव्हा इंग्रजीने आदर टाकला नाही, जवळीक टाकली. मला हे इंग्रजीचं मोठं नुकसान वाटतं. वर त्या सहावीतल्या मुलाला मी ‘अरे’ म्हटलं, तुम्हाला ‘तुम्ही’ म्हणते आहे. इंग्रजीत दोघांनाही एकाच मापाने मोजावं लागलं असतं. तुमच्या टीम लीडर बाईंना खुशाल ‘यू’ म्हणा. त्या मराठी असतील तर कॅन्टीनमध्ये चहा घेताना ‘तुम्ही’ म्हणून पाहा, त्यांच्या चेहऱ्यात काय फरक पडतो तो मला जरूर कळवा.

(‘यी ओल्ड’ अशी पाटी कुठे दिसली तर तिथला ‘यी’ हा तो नव्हे. तो ‘द’च आहे. जुन्या इंग्रजीत ‘थ’साठी थॉर्न नावाचं वेगळं अक्षर होतं. ते लिहिता लिहिता ‘वाय’सारखं दिसू लागलं, आणि छापखान्यांत त्याचा खिळा नसला की ‘वाय’चाच खिळा लावत. उच्चार ‘द’च करायचा.)

प्रश्न : कॉलेजात एका मॅडमनी माझ्या निबंधात एका व्यक्तीसाठी वापरलेला ‘दे’ खोडला. दुसऱ्या मॅडम म्हणतात चालतो. हे नवीन फॅड आहे का?
– एक विद्यार्थिनी, विलेपार्ले

उत्तर : नवीन नाही. व्यक्ती कोण ते ठरलेलं नसताना एकट्यासाठी ‘दे’ वापरणं चौदाव्या शतकापासून लिहिलेलं सापडतं. परीक्षेत मात्र जी मॅडम पेपर तपासणार तिचा नियम आधी विचारून घे.

मुळात ‘दे’ इंग्रजीचा नाहीच. जुन्या इंग्रजीत तो ‘हे’, ती ‘हेओ’ आणि ते सगळे ‘हिए’. उच्चार झिजले तसे तिन्ही कानाला जवळजवळ सारखे. कोण आला, कोण आली, किती आले, पत्ता लागेना. उत्तरेला आणि पूर्वेला नवव्या शतकापासून स्कँडिनेव्हियाहून आलेले लोक शेजारी वस्ती करून होते. त्यांचा ‘थेइर’ हा शब्द स्पष्ट होता, तो लोकांनी उचलला. एका भाषेने दुसरीचं सर्वनाम उसनं घेणं फार क्वचित घडतं. तिथून तो दक्षिणेला सरकला, तोही एकदम नाही. १४०० साली वारलेला लंडनचा कवी चॉसर ‘दे’ म्हणतो, पण ‘देम’च्या जागी अजून जुना ‘हेम’च वापरतो. तो ‘हेम’ मेला असं वाटतं, पण नाही. इंग्रजी सिनेमात ‘गेट एम’ असं ऐकतेस ना, त्यातला ‘एम’ तोच.

आणि एका माणसासाठी अनेकवचन आलं म्हणून मराठी मुलीने बिचकायचं कारण काय? आजोबांबद्दल घरात तू रोज म्हणत असशील, “ते आत्ताच झोपलेत, त्यांना उठवू नका.”